कुस्कोची मिरवणूक आणि इंकांचा पोशाख

दक्षिण अमेरिकेतील इंकांची राजधानी कुस्को (आजच्या पेरूमध्ये) १५३३ साली स्पॅनिशांच्या हाती गेली आणि काही दशकांतच तेथे ‘कॉर्पस क्रिस्ती’, म्हणजे येशूच्या देहाच्या गौरवाचा उत्सव थाटात होऊ लागला. पूर्वी इंकांच्या सणांत दिवंगत राजांचे जतन केलेले देह चौकात आणून बसवीत. आता त्याच चौकातून संतांच्या मूर्ती निघू लागल्या. ख्रिस्ती धर्माचा विजय दाखवायचा तर जिंकलेले लोकही ओळखू यायला हवेत, म्हणून इंका सरदारांनी आपल्या पारंपरिक वेशात चालणे राज्यकर्त्यांना सोयीचे होते. सरदारांनी मात्र त्याच वेशातून आपले राजकुळ सर्वांसमोर मांडले.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कुस्कोच्या सांता आना चर्चसाठी या मिरवणुकीची एक चित्रमाला रंगवली गेली आणि तिची सोळा चित्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत संताच्या मूर्तीपुढे इंका सरदार चालतो. अंगात ‘उंकु’ हा विणलेला अंगरखा, छातीवर सूर्याची तबकडी आणि कपाळावर ‘मास्कापायचा’ हा लाल लोकरीचा गोंडा असतो. बाह्या मात्र युरोपीय झालरीच्या आहेत. हा गोंडा एके काळी फक्त गादीवरच्या इंकाने ल्यायचा. वसाहतीच्या काळात राजवंशातील चोवीस निर्वाचक दरवर्षी आपल्यातून एक ध्वजधारी निवडीत आणि तो संत सांतियागोच्या सणाला, २५ जुलैला, हा गोंडा बांधून स्पेनच्या राजाचा ध्वज मिरवीत असे. त्यामुळे वंशावळ सिद्ध करण्याला या समाजात फार मोल आले.

१७८० मध्ये इंका राजांचा वंशज म्हणवणाऱ्या दुसऱ्या तुपाक आमारूने स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड केले. पुढच्या मे महिन्यात त्याला देहदंड देताना होसे आंतोनियो दे आरेचे या स्पेनच्या राजाने पाठवलेल्या तपासनीसाने इंका वेश, इंका राजांची चित्रे आणि शंखवादनही बंद करण्याचा हुकूम काढला. या बंडात कुस्कोचे बहुतेक इंका सरदार स्पेनच्या राजाच्याच बाजूने लढले होते, तरीही हा घाव त्यांच्यावरही बसला, हे मला या इतिहासातले सर्वांत वेदनादायक वाटते.

आज कुस्कोच्या कॉर्पस क्रिस्तीत पंधरा संत-मूर्ती कॅथेड्रलमध्ये येतात. उत्सवात आसपासच्या स्त्रिया नेसतात तो ‘पोयेरा’ हा घेरदार घागरा मूळचा स्पॅनिश वळणाचा असला, तरी आता तो त्यांचा स्वतःचा मानला जातो.