ताखीचा हिवाळा, खुलानची वाट
मंगोलियाच्या नैऋत्येला ग्रेट गोबी ‘ब’ नावाचं संरक्षित क्षेत्र आहे. २००९-१०च्या हिवाळ्यात तिथे खोल बर्फ पडला आणि कडाक्याची थंडी लांबली. अशा हिवाळ्याला मंगोल लोक ‘झुद’ म्हणतात. आसपासच्या पशुपालकांची सरासरी दोनतृतीयांश जनावरं मेली. ताखी, म्हणजे प्रझेवाल्स्कीचे रानघोडे, सुमारे ६० टक्क्यांनी घटले. खुलान ही रानगाढवंही त्याच मैदानात राहतात, पण त्यांची फारशी हानी झाल्याचं दिसलं नाही.

हा फरक पोटाचा नव्हता. घोडा काय, गाढव काय, दोघंही रवंथ करत नाहीत. गवतातला चोथा पचवणारे जंतू त्यांच्या अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात असतात, म्हणजे पचनमार्गाच्या मागच्या टोकाला. त्यामुळे गाईच्या तुलनेत त्यांना त्याच गवतातून कमी सत्त्व मिळतं, पण अन्न पोटातून लवकर पुढे सरकतं. निकृष्ट चाऱ्यावरही ही जनावरं तगतात ती त्यामुळेच. मात्र त्यासाठी दिवसाचा बहुतेक वेळ चरत राहावं लागतं. बर्फाखालचं गवत ती खुरांनी उकरून काढतात. बर्फ खोल असेल किंवा वर कडक पापुद्रा धरला, तर उकरण्यात जाणारी ताकद गवतातून भरून निघत नाही.

फरक होता तो कुटुंबाच्या घडणीत. ताखींमध्ये एक नर, काही माद्या आणि त्यांची शिंगरं वर्षभर एकत्र राहतात. असं कुटुंब आपला ओळखीचा टापू सहसा सोडत नाही. खुलानमध्ये माय आणि शिंगरू यांच्यापलीकडे टिकाऊ नातं जवळपास नसतं; कळप आज जमतो, उद्या फुटतो. जनावरांचा ठावठिकाणा नोंदवणाऱ्या गळपट्ट्यांवरच्या नोंदींनुसार याच क्षेत्रात ताखींचा वावर १५२ ते ८२६ चौरस किलोमीटरांत होता, तर खुलानचा ४,४४९ ते ६,८३५. बर्फ सगळीकडे सारखा नव्हता. खुलान कमी बर्फाकडे सरकले आणि ताखी आपल्या टापूतच अडकले.

हे गळपट्टे घालणं जोखमीचं काम आहे. खुलानला गाडीतून पाठलाग करून भुलीची सुई मारतात. पाठलाग लांबला तर शरीर तापतं, स्नायूंची मोडतोड होते आणि जनावर काही दिवसांनीही दगावू शकतं. म्हणून वेळेची मर्यादा आधीच ठरवतात आणि ती उलटली की माघार घेतात. इटॉर्फिन हे मुख्य औषध इतकं तीव्र आहे की त्याचा अगदी अल्प अंश माणसाच्या शरीरात गेला तरी जीव जाऊ शकतो, त्यामुळे उतारा हाताशी ठेवूनच सिरिंज भरतात. पट्टा घट्ट बसला तर मान सोलते. सैल राहिला तर मान खाली घालून चरताना तो कानांकडे घसरतो आणि प्रसंगी कानांवरून पुढे जाऊन अडकतो. ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप सुटणारी कळ पट्ट्याला असतेच, पण ती नेहमी चालेल असं गृहीत धरू नये.

ताखींची गोष्ट मुळातच काठावरची. जंगलातला शेवटचा ताखी १९६९मध्ये गोबीतच दिसला. आजचे सगळे ताखी रानातून पकडलेल्या जेमतेम डझनभर पूर्वजांची आणि मध्ये मिसळलेल्या थोड्या पाळीव रक्ताची संतती आहेत. १९५९पासून त्यांची वंशावळ-वही ठेवली जाते. कोणता नर कोणत्या मादीला द्यायचा हे तीवरून ठरतं. १९९२मध्ये पहिले घोडे मंगोलियात परतले. त्यांना लगेच मोकळं सोडलं नाही. आधी कुंपणात कुटुंब जमू दिलं आणि हिवाळ्याची सवय होऊ दिली. तरीही एक शत्रू मोठा ठरला, तो म्हणजे गोचीड. प्राणिसंग्रहालयात वाढलेल्या घोड्यांना गोचिडांतून येणाऱ्या, तांबड्या पेशी फोडणाऱ्या पायरोप्लाझ्मोसिसची ओळखच नव्हती आणि त्यात काही मेले. मंगोलियातच जन्मलेल्या शिंगरांना हा संसर्ग लहानपणीच, बहुधा फारसा त्रास न होता गाठतो आणि पुढे संरक्षण मिळतं.

दुसरा धोका पाळीव घोड्यांचा. ताखीची गुणसूत्रं ६६, पाळीव घोड्याची ६४. संकराला ६५ मिळतात, पण खेचरासारखा तो वांझ नसतो, त्यामुळे पाळीव रक्त ताखींमध्ये मिसळत जाऊ शकतं. म्हणून पशुपालकांचे नर घोडे ताखींच्या टापूबाहेर ठेवणं हे रोजचं, कंटाळवाणं आणि अत्यावश्यक काम आहे. २०२०मध्ये १९८०साली गोठवलेल्या पेशींपासून ताखीचं क्लोन शिंगरू जन्मलं, तेव्हा मथळे त्यालाच मिळाले. त्या क्लोनचं मोल खरंच आहे, कारण ज्या नराच्या त्या पेशी होत्या, त्याची जनुकं जिवंत ताखींमध्ये विरळ झाली होती. बीजांड पाळीव घोडीचं असल्याने त्याची मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा पुरवणारे आणि आईकडूनच मिळणारे घटक, पाळीव आहेत. पण तो नर असल्यामुळे ती पुढच्या पिढीत जात नाहीत.

आफ्रिकी रानगाढवाबाबत संकराचा प्रश्न याहून अवघड आहे. एरिट्रिया आणि इथिओपियात ती जास्तीत जास्त सहाशेच्या घरात उरली असावीत. पाळीव गाढव त्यांचंच वंशज, गुणसूत्रांची संख्याही जवळपास सारखीच. संकर नुसत्या नजरेने ओळखणं कठीण.

कच्छच्या छोट्या रणातल्या घुडखरांचं, म्हणजे भारतीय रानगाढवांचं, मात्र उलट घडलं. १९६९मध्ये ते ३६२ उरले होते. १९७३मध्ये अभयारण्य झालं आणि २०२४च्या गणनेत आकडा ७,६७२वर गेला. पण जवळपास सगळे घुडखर या एकाच पट्ट्यात एकवटलेले आहेत. १९६०च्या आसपास सरा आणि आफ्रिकी अश्वज्वर या रोगांनी त्यांना तडाखा दिला होता आणि तसा रोग पुन्हा आला तर सगळ्यांना एकदम गाठू शकतो. म्हणून दुसरीकडे वेगळा कळप वसवण्याचा प्रश्न आकडे चांगले असतानाच हाती घ्यायला हवा.

खुलानसाठी मात्र राखीव क्षेत्राची हद्द पुरत नाही, कारण त्याचा वावर ती हद्द ओलांडतो. मंगोलियातून जाणारा रेल्वेमार्ग १९५०च्या दशकात पूर्ण झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण आहे. हरणासारखी उडी मारणं खुलानला जमत नाही. तो कुंपणाच्या कडेकडेने चालत राहतो आणि पूर्वेकडचं गवताळ मैदान त्याला बंद होतं. कुंपणाचा काही भाग काढून तिथे वाट मोकळी ठेवणं हा उपाय स्वस्त आहे. त्यासाठी ती वाट नेमकी कुठे हवी हे ठरवावं लागतं आणि ते गळपट्ट्यांच्या नोंदींतून नकाशावर उमटणाऱ्या ठिपक्यांवरून कळतं: जिथे ठिपके कुंपणाला येऊन दाटतात, तिथे.