शिरोलीला ड्रॉइंग पाठवताना

२०१९ च्या ऑगस्टपर्यंत आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून शिरोलीच्या पॅटर्नवाल्याकडे, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचा नमुना करणाऱ्याकडे, ड्रॉइंग जायचं ते पेनड्राइव्हवर, पोराच्या खिशात, मोटरसायकलवरून. वाटेत चहा झाला तर जरा उशीर, एवढंच. मग पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी चढलं आणि मोटरसायकल दारातच उभी राहिली. ड्रॉइंग आमच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर, लाकडाचा पॅटर्न कापणारं मशीन नदीच्या पल्याड.

‘व्हॉट्सॲपवर टाक की,’ असं चार जणांनी सांगितलं. व्हॉट्सॲपही वाटेत कुलूपबंदच असतं, त्यात खोट नाही. पण तिथे टाकलेली फाइल कोणाकोणाच्या फोनमध्ये पडून राहील याचा नेम नसतो, आणि बोट चुकलं तर ती ‘शुभ सकाळ’वाल्या ग्रुपवर जाते. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं, त्यावर गोपनीयतेची अट. त्यातून आमच्याकडे विंडोज, शिरोलीत लिनक्स, आणि डिझाइन करणारी माझी मावसबहीण राजारामपुरीत तिच्या जुन्या मॅकवर. तिन्ही ठिकाणी सारखीच चालणारी एकच गोष्ट सापडली: काळ्या खिडकीत टाइप करायची एक ओळ.

फाइल एका मशीनवरून दुसऱ्या जातीच्या मशीनवर न्यायची अडचण इंटरनेटपेक्षाही जुनी. एफटीपी हा त्यावरचा पहिला मोठा तोडगा. त्याचा मूळ आराखडा एप्रिल १९७१ मध्ये लिहिला तो अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. त्या काळी जाळ्यावर मोजकी मशीनं, बहुतेक विद्यापीठांची, आणि वापरणारे एकमेकांच्या ओळखीतले. त्यामुळे एफटीपीत नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत जातात. पोस्टकार्डावर लिहावं तसं; वाटेत ज्याच्या हाताखालून जाईल त्याला वाचता येतं.

वाचणारे निघालेच. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्रॅम बसवला. तिथल्याच तातू युलोनेन या संशोधकानं त्यावर उपाय म्हणून दोन मशीनांमधलं बोलणं कुलूपबंद करणारं एसएसएच लिहिलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये फुकट वाटलं. नेटवर्कवरच्या प्रत्येक सेवेला दाराचा एक क्रमांक असतो, पोर्ट म्हणतात तो. एफटीपीचा २१, दूरच्या मशीनवर काम करू देणाऱ्या टेलनेटचा २३. युलोनेनना या दोघांची जागा घ्यायची होती आणि मधला २२ रिकामा होता. त्यांनी ईमेल करून तो मागितला आणि मिळालाही. आज इतक्या सहज गावात पाण्याचं कनेक्शन मिळत नाही. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी याचीच मुक्त आवृत्ती काढली, ती ओपनएसएसएच. मॅक आणि लिनक्सवर ती वर्षानुवर्षं होती. २०१८ पासून विंडोज १० मध्येही आली.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. दोन मशीनं याआधी कधी भेटलेली नाहीत. मधल्या वायरवर कोणी कान लावून बसलंय असंच धरायचं. मग गुप्त किल्ली ठरवायची कशी? ती सांगितली तर ऐकणाऱ्यालाही कळणार. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यावरची युक्ती प्रसिद्ध केली. कागद-पेन्सिल घेतलीत तर दोन मिनिटांत करून बघता येते.

दोघांनी उघडपणे दोन आकडे ठरवायचे: ३ आणि १७. मी मनात ४ धरतो. ३ चा चौथा घात ८१. त्याला १७ नं भागलं की बाकी १३. हा १३ मी ओरडून सांगतो. शिरोलीतला मनात ६ धरतो. ३ चा सहावा घात ७२९, १७ नं भागून बाकी १५. तो १५ ओरडून सांगतो. आता मी त्याच्या १५ चा चौथा घात काढतो, ५०६२५, आणि १७ नं भागतो: बाकी १६. तो माझ्या १३ चा सहावा घात काढतो, ४८२६८०९, भागतो: बाकी १६. दोघांकडे एकच आकडा आला, आणि तो एकदाही वायरवरून गेला नाही. ऐकणाऱ्याकडे ३, १७, १३ आणि १५ आहेत, तरी १६ काढायला त्याला माझा ४ किंवा त्याचा ६ शोधावा लागेल. इतक्या छोट्या आकड्यांत ते पोरंही शोधतील. पण १७ च्या जागी शेकडो अंकी संख्या घेतली की बाकी काढणं क्षणाचं काम राहतं आणि उलटं जाणं आजच्या कॉम्प्युटरांच्या आवाक्याबाहेर जातं. उद्याच्या क्वांटम कॉम्प्युटरचं काय, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.० नं या जुन्या प्रकाराला क्वांटमला पुरून उरेल अशा दुसऱ्या गणिताची जोड दिली.

एवढं झालं की वाटेवरचा चोर संपला, असं मला पहिले काही महिने वाटत होतं. गणितात एक भोक राहतंच: आकडे मी नक्की कोणाशी ठरवतोय? मधल्यानंच शिरोली असल्याचं सोंग घेतलं तर माझी एक किल्ली त्याच्याशी ठरेल, त्याची दुसरी शिरोलीशी, आणि तो मध्ये बसून सगळं उलगडून वाचेल. कुलूप भक्कमच, पण चोराच्या घराला लावलेलं.

यासाठी प्रत्येक सर्व्हरची कायमची अशी एक स्वतःची किल्ली असते आणि तिचा एक अंगठा असतो, ४३ अक्षरांचा. पहिल्यांदा जोडताना स्क्रीनवर तो अंगठा येतो आणि प्रश्न येतो: या मशीनची ओळख पटत नाही, पुढे जायचं का? शंभरातले किती लोक न वाचता ‘यस’ टाइप करत असतील याची कल्पना करवत नाही, मीही त्यातलाच. त्या पुराच्या दिवसांत मात्र मी फोन लावला. शिरोलीच्या मिस्त्रींना सगळे आण्णा म्हणतात. साठीचे, रंध्यावर हात बसलेला, कॉम्प्युटरशी फटकून. त्यांच्या पोरानं तिकडच्या स्क्रीनवर अंगठा काढून दिला आणि आण्णा वाचायला लागले, ‘मोठा के… बारका के… मग आठ…’ निम्म्यात थांबून म्हणाले, ‘आरं, बँकेत बी एवढं इचारत न्हाईत की.’ पण त्रेचाळीसच्या त्रेचाळीस अक्षरं जुळली. त्या एका फोनवर पुढचं सगळं उभं आहे. माझ्या मशीननं तो अंगठा वहीत नोंदवला. आता कधी वेगळा आला तर मोठ्या अक्षरांत बोंब मारतं. एकदा मारली होती. तिकडे लिनक्स नव्यानं टाकलं होतं, त्यामुळे किल्ली बदललेली. तेव्हाही आधी फोन केला, मगच जुनी नोंद पुसली.

पासवर्ड ठेवलाच नाही. शिरोलीच्या राउटरवर २२ नंबरचं दार उघडलं त्याच संध्याकाळी नोंदवहीत जगभरातून पासवर्डचे अंदाज येऊन पडायला लागले. माणसं नव्हेत, दारं ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम. म्हणून किल्ल्यांची जोडी केली. खासगी अर्धी माझ्याकडे, तिलाही वर एक परवलीचं वाक्य. सार्वजनिक अर्धी शिरोलीच्या मशीनवर. ही दुसरी कोणी चोरली तरी बिघडत नाही. तिच्यावरून पहिली बनवता येत नाही.

मग ती ओळ. तिची सुरुवात एससीपीनं, एसएसएचच्या कुलपातून फाइल नेणारी ती आज्ञा. एससीपी, जागा, फाइलचं नाव, जागा, तिकडच्या मशीनवरचं आपलं नाव, ॲटचं चिन्ह, मशीनचा पत्ता, कोलन, आणि तिथला फोल्डर. सगळी गंमत त्या कोलनात आहे. कोलन दिसला की प्रोग्रॅमला कळतं, अलीकडचा भाग दुसरं मशीन आहे. तो विसरलात तर चूक म्हणून काहीच येत नाही: फाइल क्षणात ‘कॉपी’ होते, आणि तुमच्याच फोल्डरमध्ये ॲटचं चिन्ह असलेल्या विचित्र नावाची एक फाइल तयार होते. मी पहिल्या दिवशी दोनदा आण्णांना ‘आलं का बघा’ म्हणून फोन केला होता. विंडोजवाल्यांची वेगळीच पंचाईत, कारण त्यांच्या ड्राइव्हच्या नावातच कोलन. लिनक्सकडून आलेल्या काही प्रोग्रॅमना सी ड्राइव्ह म्हणजे ‘सी’ नावाचं परगावचं मशीन वाटतं. आणि पोर्ट वेगळा असेल तर एसएसएचला छोटा पी लागतो, एससीपीला मोठा. एससीपीतला छोटा पी फाइलची मूळ तारीख-वेळ राखतो. हे असं का, तर एससीपी ज्या जुन्या, कुलूप नसलेल्या आरसीपी या आज्ञेवरून बेतलं त्यात छोटा पी आधीच अडकलेला होता.

त्या जुन्या वारशाचा खरा त्रास निराळा. एससीपीच्या मूळ पद्धतीत फाइल आणताना तिचं नाव काय हे समोरचं मशीन सांगायचं, आणि आपलं बऱ्यापैकी विश्वास ठेवायचं. समोरचं मशीन बदमाश निघालं तर भलतीच फाइल आपल्या माथी. हा दोष उघड झाल्यावर डागडुजी झाली, पण पाया तोच. शेवटी ओपनएसएसएच ९.० मध्येच एससीपीनं आतून ती पद्धत सोडली आणि एसएफटीपीची, म्हणजे एसएसएचवरच चालणारी फाइल नेण्याची दुसरी पद्धत, धरली. ओळ तीच, इंजिन नवं.

रोजच्या कामाला आता मी आरसिंक वापरतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ते आणलं. ड्रॉइंगमध्ये एक भोक इकडचं तिकडे केलं तर अख्खी फाइल पुन्हा कशाला पाठवायची? शिरोलीतलं मशीन आपल्या जुन्या प्रतीचे तुकडे पाडतं आणि प्रत्येकाची बेरजेसारखी छोटी खूण मला पाठवतं. माझं मशीन नव्या फाइलवरून तेवढ्याच रुंदीची खिडकी एकेका बाइटनं सरकवत खुणा जुळवतं. प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून बेरीज नाही: मागचा बाइट बाहेर, पुढचा एक आत, तेवढाच फरक. खूण जुळली की आणखी पक्क्या खुणेनं खात्री, आणि तो तुकडा पाठवायची गरज नाही. एक पथ्य मात्र हवं. फाइल झिप करून पाठवू नका. झिपमध्ये एक अक्षर बदललं तरी तिथून पुढचे बाइट बहुधा बदलून जातात आणि जुळायला काही उरत नाही. विंडोजवर आरसिंक अंगचं नसतं. मी ते विंडोजच्या पोटातल्या लिनक्समधून चालवतो.

आता फाइल सुखरूप आणि गुपचूप पोहोचली. ती तिथे तीच राहते का, हा प्रश्न सुरक्षेच्या पुस्तकांत क्वचितच येतो, आणि आम्हाला घाम तिथेच फुटला.

पहिला प्रकार ओळीच्या शेवटाचा. जुन्या टेलिप्रिंटरला नवी ओळ म्हणजे दोन कामं होती: छापणारा भाग डाव्या टोकाला आणणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. विंडोज अजून दोन्ही खुणा लिहितं, लिनक्स-मॅक फक्त दुसरी. एफटीपीत मजकुरासाठी यांची अदलाबदल करायची सोय होती, आणि चुकून चित्राला लावली की चित्राचा चुराडा व्हायचा. एससीपी बाइटला हात लावत नाही, ते बरंच. पण मी नोटपॅडमध्ये लिहिलेली छोटी आज्ञावली शिरोलीत चालेना, कारण पहिल्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटून गेलं होतं.

दुसरा प्रकार अस्सल मराठी. बहिणीच्या मॅकवरून ‘दुसऱ्या खेपेचं ड्रॉइंग’ या नावाची फाइल गेली. त्याच नावाची सुधारलेली फाइल मी विंडोजवरून पाठवली, जुनीवर नवी बसेल म्हणून. आण्णांचा फोन आला, ‘तुझी दोन दोन हायत की रं. कुठली धरू?’ एकाच फोल्डरमध्ये, अक्षर न् अक्षर सारख्या नावाच्या दोन फाइली!

दोष त्या ‘ऱ’चा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या जागतिक यादीत, हा ऱ एकसंध लिहिता येतो, किंवा साधा र आणि खाली नुक्ता (टिंब) असा जोडूनही. डोळ्याला फरक नाही. पण जुन्या मॅकची फाइल-व्यवस्था नावांतली अशी अक्षरं सुटी करून ठेवायची: एकसंध ऱ तीन बाइटचा, सुटा सहाचा. लिनक्स नावाकडे नुसते बाइट म्हणून बघतं, त्याला ही दोन निराळी नावं. आरसिंकला हा फरक मिटवायला सांगता येतं. तेही पुरेल असं नाही, कारण काही कीबोर्ड हाच ऱ तिसऱ्या रीतीनं काढतात, र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, आणि त्याला बाकी दोघांशी जुळवणारा नियम नाही.

लांबीचंही तसंच. लिनक्सवर फाइलचं नाव साधारणपणे २५५ बाइटांपर्यंत चालतं. देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे: ‘कोल्हापूर’ म्हणजे नऊ खुणा, २७ बाइट. म्हणजे नावाला ८५ खुणा. विंडोज २५५ देतं. गिऱ्हाइकाचं नाव, पार्टचं नाव, तारीख आणि ‘अंतिम सुधारित’ असं ऐसपैस नाव तिथे नांदतं आणि नदी ओलांडली की अडतं.

आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नावात नव्हतं. दोन्ही फाइलींचा त्यांच्या पोरानं शा-२५६ काढला, ६४ अक्षरांचा आतला ठसा. मी विंडोजवर माझ्या फाइलचा काढला. पहिली चार अक्षरं सांगितल्याबरोबर एक गळाली. उरलेली साठ आण्णांनी तरीही वाचून दाखवली.