लाल डाग हिशेबातला की चित्रातला?

चाकणला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात स्क्रीनवरच्या ताणाच्या चित्रात ब्रॅकेटचा (आधार देणाऱ्या पार्टचा) कोपरा लालभडक दिसला आणि मी ‘पार्ट तुटणार’ असं सांगून मोकळा झालो. साहेबांनी एवढंच विचारलं, ‘‘आकडा किती?’’ आकडा होता 60 मेगापास्कल (ताणाचं एकक). साधं माइल्ड स्टील 250 च्या आसपास यील्ड होतं, म्हणजे कायमचं वाकू लागतं. तुटणं दूरच, त्या ब्रॅकेटला भार जाणवलाही नसता.

माझी गल्लत नेहमीची होती: सिम्युलेशन आणि व्हिज्युअलायझेशन एकच समजलो. सिम्युलेशन म्हणजे हिशेब. पार्टचे हजारो तुकडे पाडायचे (हाच मेश), भार लावायचा, समीकरणं सोडवायची. हाती येते नुसती आकड्यांची रास. ती रास डोळ्यांना कळावी म्हणून रंगवणं, हे व्हिज्युअलायझेशन. सॉफ्टवेअर सहसा सगळ्यात मोठ्या आकड्याला लाल देतं, मग तो 60 असो की 600. साहेबांनी लेजंडची (कोणता रंग म्हणजे किती, ते सांगणाऱ्या पट्टीची) वरची मर्यादा 250 केली आणि अख्खा ब्रॅकेट निळा-हिरवा झाला. हिशेबातला एकही आकडा हलला नव्हता! वाकलेला आकारही असाच, दिसावा म्हणून कित्येक पट फुगवलेला असतो.

उलटा प्रकार जास्त घातक: चित्र गुळगुळीत, हिशेब कच्चा. मेश जाडाभरडा असला तरी शेजारच्या तुकड्यांच्या आकड्यांची सरासरी काढून रंग छान मिसळले जातात. म्हणून मी आधी ती सरासरी बंद करतो. शेजारी-शेजारी रंग एकदम तुटक दिसले, तर मेश बारीक करून पुन्हा सोडवायचं. आकडा स्थिरावला की निश्चिंत. आतला कोपरा अगदी टोकदार काढला असेल, तर मात्र आकडा स्थिरावतच नाही, मेश बारीक कराल तसा वाढतो. तिथे गणितानेच ताण अनंत निघतो. मेशशी झटू नका, मॉडेलमध्ये खरा फिलेट (कोपऱ्याची गोलाई) काढा.

पावसाच्या नकाशातही हेच. पुण्यात पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विकसित केलेली, हवामानाचा अंदाज देणारी भारत फोरकास्ट सिस्टिम सुमारे 6 किलोमीटरच्या जाळीवर चालते. स्वारगेट ते कात्रज जवळपास एवढंच अंतर. म्हणजे एवढ्या पट्ट्याला हिशेबात पावसाचे एक-दोनच आकडे. अशा आकड्यांवरून काढलेल्या नकाशात याच पट्ट्यातल्या बिबवेवाडीच्या गल्लीगल्लीत निळा रंग गडद होत गेलेला दिसला, तर ती छटा रंगवणाऱ्याची.