सहा मीटरचा बोगदा आणि फसलेली मधमाशी

एक मधमाशी सहा मीटरच्या अरुंद बोगद्यातून उडत जाते, टोकाला ठेवलेलं साखरपाणी पिते आणि पोळ्यात परतते. तिथे ती बहिणींपुढे पोट थरथरवत नाचते. त्या नाचातून पल्ला कळतो. थरथर जितकी लांबेल तितका खाऊ दूर. ही माशी सांगते, जवळपास दोनशे मीटर! खोटं बोलायचं तिला काही कारण नाही. तिला खरंच तेवढं वाटलेलं असतं.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगामागे होते मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी. श्रीनिवासन यांचा जन्म १९४८ साली पुण्याचा. बंगळुरूत शिकले ते विद्युत अभियांत्रिकी. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात गेले आणि घरमाशीच्या डोळ्यांत असे गुंतले, की तिथून परत यंत्रांकडे आले ते थेट कीटकांची विद्या घेऊनच. त्यांची बरीचशी कारकीर्द ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा आणि मग ब्रिस्बेन इथे झाली.

मधमाशीचा मेंदू जेमतेम एक मिलिग्रॅमचा, त्यात दहा लाखांहून कमीच चेतापेशी. डोळे जागचे हलत नाहीत. शिवाय ते इतके जवळ, की आपल्यासारखा दोन डोळ्यांतल्या चित्रांच्या फरकावरून अंतराचा अंदाज बांधणं तिला फारसं जमायचं नाही. मग ती भिंतींवर आपटत कशी नाही?

कोकण रेल्वेच्या खिडकीत बसलेल्या कुणालाही उत्तर निम्मं ठाऊक आहे. रुळाकडेचे खांब सपासप मागे पळतात, लांबचा डोंगर मात्र आपल्यासोबतच चालल्यासारखा वाटतो. जवळचं भरभर सरकतं, दूरचं सावकाश. श्रीनिवासन यांच्या पट्टेरी भिंतींच्या बोगद्यात माश्या बरोबर मधून उडत. मग एका भिंतीचे पट्टे माशीच्याच दिशेने सरकवले. त्या बाजूचं चित्र तिला संथ वाटलं, म्हणजे ती भिंत दूर आहे असं वाटलं, आणि ती तिकडे झुकली. पट्टे उलट दिशेने सरकवले तर ती त्या भिंतीपासून लांब गेली. दोन्ही डोळ्यांना चित्र सारख्याच वेगाने सरकताना दिसावं, एवढाच तिचा नियम.

आता सुरुवातीच्या बोगद्याकडे. तो फक्त ११ सेंटीमीटर रुंद होता. भिंती इतक्या जवळ, की त्यांवरची नक्षी प्रचंड वेगाने मागे जायची. पूर्वी अनेकांचा समज होता, की माशी उडण्यात खर्च झालेल्या शक्तीवरून अंतर ओळखते. म्हणून श्रीनिवासन यांनी नक्षी बदलून बोगद्याच्या लांबीला समांतर पट्टे लावले. अंतर तेच, कष्टही तेच. पण अशा पट्ट्यांकडे बघत उडताना काही सरकल्यासारखं दिसतच नाही. परतलेली माशी गोल-गोल नाचली, म्हणजे 'खाऊ इथेच, जवळच आहे'. भिंतीवरचा कागद बदलून एक जुना सिद्धांत निकालात काढायचा, हा मला या सगळ्या कामातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

मग सरकत्या चित्रावरून घेतलेलं माशीचं अंतराचं माप दर वाटेवर वेगळं पडणार, नाही का? पडतंच. पण पोळ्यातल्या बहिणी त्याच दिशेने, त्याच झाडाझुडपांवरून जाणार असतात, त्यामुळे काही बिघडत नाही. बिघडतं ते बोगद्यामुळे. फसलेल्या माशीचा नाच पाहून निघालेल्या माश्या बोगद्यात न शिरता उघड्यावर दूरवर शोधत बसल्या, हे पुढच्याच वर्षी दिसलं.

उतरण्याची युक्तीही याच हिशोबातली. जमीन जवळ येईल तसा माशी वेग असा घटवते, की खालचं चित्र सतत एकाच गतीने सरकत राहावं. उंची निम्मी, तर वेगही निम्मा. टेकताना तो जवळपास शून्य. उंची मोजायला नको, वेगही मोजायला नको. रोबो आणि छोट्या मानवरहित विमानांसाठी अभियंत्याला याहून स्वस्त सौदा कुठे मिळणार! श्रीनिवासन यांनी तशी यंत्रं बनवलीही. २००६ साली त्यांना ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान विज्ञान पुरस्कार मिळाला.

ब्रिस्बेनला गेल्यावर त्यांनी बजरीगर पक्षीही बोगद्यात सोडले, आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणून विकतात ते. एका भिंतीवर उभे पट्टे, दुसरीवर आडवे. पक्षी आडव्या पट्ट्यांच्या भिंतीकडे सरकून उडाले.