‘व्हिसेरा राखून ठेवला’ या ओळीमागची गोष्ट

पेपरात संशयास्पद मृत्यूची बातमी आली की शेवटची ओळ ठरलेली असते, ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला असून अहवाल आल्यावरच मृत्यूचं नेमकं कारण स्पष्ट होईल.’ व्हिसेरा म्हणजे विष तपासण्यासाठी काढून ठेवलेले जठर, लिव्हर असे आतले अवयव. मग व्हॉट्सअॅपवर सुरू होतं, डॉक्टर मॅनेज झाला, प्रकरण दाबलं वगैरे. मी काही वर्षं एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर होतो, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम माझ्याच वाट्याला यायची, पुढे फॉरेन्सिकमध्येच एमडी केलं, त्यामुळे ही ओळ मी स्वतः कितीतरी वेळा लिहिलीय. ती लिहिताना डॉक्टरच्या हातात काय असतं आणि काय नसतं, आणि ते तसं का झालं, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं.

अगदी मागे गेलं तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘आशुमृतकपरीक्षा’ नावाचं अख्खं प्रकरण आहे, आशुमृतक म्हणजे अचानक मेलेला माणूस. सुरुवातच अशी, की प्रेताला तेल चोळा आणि मग तपासा. पुढे गळा दाबलेल्याची लक्षणं वेगळी, फाशी गेलेल्याची वेगळी, बुडालेल्याची वेगळी दिली आहेत, आणि विषाने मेलेला कसा ओळखायचा तर हात, पाय, दात, नखं काळपट पडलेली, मांस, केस, कातडी सैल झालेली, तोंडाला फेस. त्याच्या पोटातलं अन्न तपासा, आणि हृदयातून काढलेला अंश आगीत टाका, तडतडला आणि इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर विष समजा असंही सांगितलंय. ही टेस्ट आजच्या लॅबमध्ये टिकणार नाही हे उघड आहे. पण मला त्यातली दुसरी गोष्ट फार मोलाची वाटते, ती म्हणजे तिथेच पुढे सांगितलंय की मेलेल्याचं कोणाशी वैर होतं, कोणाला फायदा होणार होता, शेवटी तो कोणाबरोबर होता, हे सगळं विचारा, आणि गळफास दिसला तरी आधी मारून मग टांगलंय का हे बघा. म्हणजे प्रेत, ताटातलं अन्न आणि घरातली माणसं, तिन्ही एकाच तपासात.

आपल्याकडे हे तिन्ही तुटले ते इंग्रजांच्या काळात, आणि एका दिवसात नाही.

भारतातलं नोंद असलेलं पहिलं मेडिकोलीगल, म्हणजे कायद्याच्या कामासाठीचं, पीएम मद्रासचं धरतात, १६९३ सालचं, ईस्ट इंडिया कंपनीच्या एडवर्ड बल्कली नावाच्या सर्जनने केलेलं. कंपनीच्या कौन्सिलचा एक मेंबर औषध घेऊन मेला होता आणि संशय सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा होता. त्यानंतर दीडशे वर्षं या बाबतीत फारसं काही घडलं नाही. कलकत्त्याला १८३६ मध्ये मधुसूदन गुप्तांनी मेडिकल कॉलेजात प्रेत उघडलं तेव्हा ते धर्माविरुद्धचं धाडस मानलं गेलं, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ ला आलं, आणि कायद्याला हवा असणारा डॉक्टर तिथून पुढे तयार व्हायला लागला.

पण इंग्रज सरकारला खरी धास्ती होती ती विषाची. कारण सोपं आहे. सोमल बाजारात सहज मिळायचा, कण्हेर आणि धोत्रा तर बांधावर उगवतात, बचनाग वैद्याकडे असायचाच. सोमलाने उलट्या-जुलाब होतात आणि त्या काळी गावोगाव पटकीची, म्हणजे कॉलराची साथ असायची, त्यात पटकीनेही उलट्या-जुलाबच, म्हणजे साथीच्या दिवसात एखाद्याला सोमल घातला तर कोणाला संशयसुद्धा येत नसे, आणि संध्याकाळच्या आत दहन उरकलं की संपलंच, कारण आपल्याकडे बहुतेक प्रेतं पुरत नाहीत, जाळतात. युरोपात महिनाभराने थडगं उकरून सोमल शोधलाय, आपल्याकडे ती सोयच नाही. म्हणून मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये केमिकल एक्झामिनर, म्हणजे विष तपासणारे सरकारी रसायनतज्ज्ञ, बसवले गेले आणि १८७० च्या सुमारास मुंबईला केमिकल अॅनालायझर आले. आजही पोलीस ज्याला ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात त्यातलं सीए हे त्याच पदाचं नाव. खात्याचं नाव बदललं, लॅब कलिन्याला गेली, नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती अशा शाखा झाल्या, तरी तालुक्याच्या हवालदाराच्या तोंडी अजून ‘सीए’च.

या मुंबईच्या खात्याला सगळ्या देशाने ओळखलं ते बडोद्याच्या प्रकरणात. ९ नोव्हेंबर १८७४, सकाळी फिरून आल्यावर रेसिडेंट, म्हणजे बडोद्याच्या दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेयर नेहमीचं पपनसाचं सरबत प्यायला बसले, दोन घोट घेतले, बरं वाटेना म्हणून बाकीचं ओतून दिलं, आणि मग ग्लासाच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी तो गाळ तपासला, त्यात सोमल आणि काहीतरी चकाकणारे कण दिसले, नमुना मुंबईला डॉ. ग्रे यांच्याकडे गेला, त्यांनाही सोमल सापडला. चकाकणारी पूड हिऱ्याची असल्याचं म्हणणं मांडलं गेलं. संशय थेट बडोद्याच्या महाराजांवर, मल्हारराव गायकवाडांवर. १८७५ मध्ये सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज, तीन हिंदी, त्यात ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. तीन इंग्रजांनी दोषी म्हटलं, उरलेल्या तिघांना पुरावा पटला नाही. मल्हाररावांना गादीवरून काढलं ते काढलंच, कारण कारभाराचं दिलं, आणि कवळाण्याच्या गोपाळरावाला दत्तक घेऊन सयाजीराव केलं. महाराष्ट्रात आजही सयाजीरावांचं नाव आदराने घेतलं जातं, पण त्या गादीच्या वाटेवर एका ग्लासातला गाळ आहे हे फार जणांना माहीत नसतं.

मी विद्यार्थ्यांना हे प्रकरण नेहमी सांगतो ते वेगळ्या कारणासाठी. लॅबने सांगितलं सोमल आहे, ते बरोबरच होतं. तो ग्लासात कोणी घातला हे लॅब सांगू शकत नाही, आणि कमिशन फुटलं ते नेमकं तिथे.

आता कायद्याची बाजू. मुंबई आणि कलकत्त्याला १८७१ च्या कायद्याने कोरोनर होता, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी, ज्युरी बसवून, साक्षीदार आणि डॉक्टर समोर बोलावून मृत्यू कसा झाला हे ठरवणारा. बाकी सगळ्या मुलखाला मात्र इतका खर्च कोण करणार, तिथे काम पोलिसांवर सोपवलं. ठाणेदाराने जायचं, पंच बोलवायचे, प्रेताचा पंचनामा करायचा आणि गरज वाटली तर बॉडी जवळच्या सरकारी डॉक्टरकडे पाठवायची. हे कलम १८९८ च्या फौजदारी संहितेत १७४ होतं, १९७३ च्या संहितेतही १७४च राहिलं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १९४ झालंय. मजकुराचा गाभा तोच. उलट मुंबईचा कोरोनर १९९९ मध्ये बंद झाला आणि शहरसुद्धा गावाच्या पद्धतीवर आलं. कोरोनरकडे दिरंगाई होती, तक्रारी होत्या, मान्य आहे, पण डॉक्टरला साक्षीदारांच्या शेजारी बसवून ‘आता सांगा, हे जुळतंय का’ असं विचारणारी एक जागा होती, ती गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यात एक भर मात्र खूप चांगली पडली. हुंड्यापायी जळणाऱ्या पोरींच्या बातम्या रोजच्या झाल्या तेव्हा १९८३ मध्ये कायदा बदलून लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई संशयास्पदरीत्या मेली तर पीएम आलंच असं झालं, त्या केसला पंचनाम्याला तहसीलदार येतात. स्टोव्हचा भडका उडाला असं सांगितलं जायचं. श्वासनलिका उघडून आत काजळी आहे का बघायची, असेल तर आग लागली तेव्हा ती श्वास घेत होती, नसेल तर आधीच मेली होती का असा प्रश्न उभा राहतो. कस्टडीतल्या मृत्यूंबद्दल मानवी हक्क आयोगाने १९९५ मध्ये पीएमचं व्हिडिओ शूटिंग करायला सांगितलं, तेही याच वाटेवरचं.

प्रत्यक्ष टेबलावर काय होतं ते थोडं सांगतो. बॉडी येते, सोबत पंचनामा आणि एक फॉर्म, त्यात हकिकत दीड ओळीची, ‘राहते घरी विषारी औषध प्राशन केले’. नातेवाईक बाहेर झाडाखाली बसलेले, त्यातले एक दादा दर पंधरा मिनिटांनी येऊन सांगतात, ‘साहेब, अंधार पडायच्या आत उरका, बाया उपाशी बसल्यात.’ आत आमचे मामा. पीएम रूमचे मामा म्हणजे कागदोपत्री सफाई कामगार, पण हनुवटीखालून बेंबीच्या खाली सरळ रेघ तेच घेतात, कवटीला करवत तेच लावतात. छेद डॉक्टरने घ्यायचा हे पुस्तकातलं, आणि तालुक्याच्या रुग्णालयात हे काम पिढ्यानपिढ्या ठराविक जातींच्या माणसांच्या अंगावर टाकलंय हे वास्तवातलं, मधुसूदन गुप्तांचं धाडस आपण मिरवतो आणि मामांना धड ग्लोव्हजसुद्धा देत नाही, याची मला लाज वाटते. पोट उघडताना मी मामांना आधीच सांगायचो, जठर दोन्हीकडून दोऱ्याने बांधा, मग कापा. ते उघडलं की नाक आधी काम करतं, लसणासारखा वास आला तर धान्यात टाकायच्या गोळ्या, रॉकेलसारखा आला तर फवारणीचं औषध, पण वासावर सर्टिफिकेट देता येत नाही. मग बरण्या. एकीत जठर आणि लहान आतड्याचा तुकडा, दुसरीत लिव्हर, स्प्लीन, दोन्ही किडन्यांचा अर्धा-अर्धा भाग, वर मिठाचं संपृक्त द्रावण, बरणी काठोकाठ भरायची नाही कारण आत गॅस धरला तर झाकण उडतं. रक्ताची बाटली वेगळी. दोरा, त्यावर लाख, लाखेवर शिक्का, त्याच शिक्क्याचा नमुना वेगळ्या कागदावर, म्हणजे लॅबवाल्याला दोन्ही ताडून बघता येतील, वाटेत कोणी उघडली नाही ना. हे सगळं हवालदाराच्या ताब्यात सही घेऊन द्यायचं. आणि कागदावर लिहायचं, ओपिनियन रिझर्व्ड, व्हिसेरा प्रिझर्व्ड.

अंधाराआधी उरका हा नुसता नातेवाइकांचा आग्रह नव्हता, नियमच होता. बल्बच्या पिवळ्या उजेडात मुका मार आणि कावीळ यांचे रंग चुकतात म्हणून पीएम उजेडातच. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये जिथे सोय आहे तिथे रात्री करायला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेली बॉडी, घातपाताचा संशय, हे अपवाद ठेवले, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच रात्री. म्हणजे ज्या केसेसबद्दल आपण बोलतोय त्या बहुतेक अजूनही सकाळची वाट बघतात.

आणि व्हिसेऱ्यात काहीच सापडलं नाही तर? इथे मराठी माणसाने एक केस वाचलीच पाहिजे, अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. पुण्यातली पैसेवाली, मधुमेही विधवा, तिचे घरोब्याचे डॉक्टर तिला १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री तपासणीसाठी म्हणून रेल्वेने मुंबईला घेऊन निघाले, पहाटे ती बेशुद्ध अवस्थेत पोचली, हॉस्पिटलात खोट्या नावाने दाखल केली आणि त्याच दिवशी गेली. बेवारस म्हणून बॉडी राहिली, मेडिकल कॉलेजला डिसेक्शनसाठी जायची वेळ आली, तेव्हा तिथल्या शिपायाला गळ्यावर खूण दिसली आणि पीएम झालं, मृत्यूनंतर दहा दिवसांनी. गळा दाबल्याचं निघालं नाही. व्हिसेऱ्यात विष नाही. इकडे पुण्यात डॉक्टर सांगतायत बाई तीर्थयात्रेला गेल्या, तिने कोणा जोश्यांशी लग्न केलं, तशी तिच्या नावची पत्रं येतायत आणि तिचे शेअर्स, पैसे डॉक्टरांकडे जातायत. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९५९ मध्ये दोन विरुद्ध एक मताने सांगितलं की विष सापडलंच पाहिजे असं नाही, काही विषं मागे काही ठेवत नाहीत, उशीर झाला की तर नाहीच, तेव्हा बाकीची परिस्थिती एकाच दिशेला बोट दाखवत असेल तर ती पुरेशी. तिसऱ्या न्यायमूर्तींना ते पटलं नव्हतं, आणि त्यांचं म्हणणंही वाचण्यासारखं आहे, कारण मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता पूर्ण बुजली आहे का हा प्रश्न डॉक्टरला कोर्टात दर वेळी विचारला जातो.

मला स्वतःला तो विचारला गेला तो पीएमनंतर बऱ्याच वर्षांनी. तोवर माझी बदली दोनदा झालेली, समन्स फिरत फिरत आलं, लॅबचा रिपोर्ट कोर्टात नुसता कागद म्हणून चालतो पण पीएमच्या डॉक्टरला सहसा स्वतः उभं राहावं लागतं. माझ्याच अक्षरातल्या नोट्स माझ्या हातात, रिपोर्ट निगेटिव्ह, आणि वकील साहेब विचारतात, ‘त्या खोलीत बाटली होती का डॉक्टर?’ मला माहीत नव्हतं. मी ती खोली बघितलीच नव्हती, मला कोणी नेलं नव्हतं आणि नेण्याची पद्धतही नव्हती. त्या दिवसापासून मी बॉडी घ्यायच्या आधी हवालदाराला बाहेर बसवून विचारतो, प्रेताजवळ काय होतं, उलटी होती का, ताट अर्धं होतं का, आणि उत्तर स्वतःच्या नोट्समध्ये वेळ टाकून लिहितो.

नव्या संहितेच्या कलम १७६ ने सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक एक्स्पर्टने घटनास्थळी जाणं आलंय, राज्यांना त्यासाठी मुदतही दिलीय, त्यासाठी व्हॅन फिरायला लागल्या आहेत आणि ते फार चांगलं झालं. पण जाणार आहेत ते लॅबचे लोक. पीएम करणाऱ्या डॉक्टरला त्या कलमात जागा नाही, आणि बॉडीसोबत येणाऱ्या फॉर्मवर हकिकतीसाठी अजून तेवढ्याच दोन ओळी आहेत.