पिस्तूल मऊ मारतंय? व्हेलॉसिटीच्या स्क्रूला हात लावण्याआधी वाचा

"पिस्तूल मऊ मारतंय, शॉट खाली जातायत, जरा पॉवर वाढवून द्या." हे वाक्य आम्ही पिस्तूल दुरुस्त करणारे इतक्यांदा ऐकतो की शेवटी लिहूनच काढायचं ठरवलं. हे पत्रक 10 मीटरचं हवाभरणीचं मॅच पिस्तूल वापरणाऱ्यांसाठी आहे. सिलेंडर लावणं, काढणं, ड्राय फायर (पेलेट न घालता ट्रिगर ओढणं) हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चाललो आहोत.

आधी पिस्तूल खरंच मऊ झालंय का, म्हणजे पेलेट (छर्रा) हळू सुटतेय का, ते बघू. साधारण अर्ध्या ग्रॅमची पेलेट सेकंदाला 150 मीटर वेगानं सुटली, तर 10 मीटर जाईपर्यंत ती सुमारे 22 मिलिमीटर खाली येते. वेग 130 वर घसरला तर सुमारे 29 मिलिमीटर. फरक 7 मिलिमीटरचा. पिस्तुलाच्या टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर 8 मिलिमीटर असतं. म्हणजे वेग तब्बल 20 मीटरनं पडला तरी शॉट जेमतेम एक रिंग उतरतो! तुमचे शॉट सात आणि सहा गुणांच्या रिंगांत जात असतील तर दोष हवेचा नाही. मागची साइट ढिली झालीय का बघा, ग्रिपचा स्क्रू बघा, आणि राग मानू नका, पण ट्रिगर ओढताना मनगटही बघा.

वेगाबद्दल खरं सांगणार तो क्रोनोग्राफच, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र. कानाला 'फुस्स' वाटलं हा पुरावा नव्हे. क्रोनोग्राफ ट्यूबलाइटखाली ठेवू नका, काही यंत्रं त्या लुकलुकत्या उजेडात भलतेच आकडे दाखवतात. एका शॉटवरून निष्कर्ष काढू नका, दहा मारा. सगळे दहा आकडे सारखेच कमी असतील तर एक गोष्ट, आणि 148, 131, 150, 126 असे नाचत असतील तर गोष्ट वेगळी. हा फरक लिहून आणलात तर आमचं निम्मं काम होतं.

आता वेग कमी-जास्त करणाऱ्या त्या व्हेलॉसिटीच्या स्क्रूबद्दल. आमच्याकडे येणाऱ्या 'मऊ' पिस्तुलांत सगळ्यात जास्त वेळ जातो तो मूळ बिघाडावर नाही, तर येण्याआधी घरी फिरवलेल्या स्क्रूवर. काही मॉडेलांत तो हॅमरच्या (व्हॉल्व्हवर आपटून तो उघडणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगचा ताण बदलतो, काहींत रेग्युलेटरचा (सिलेंडरमधला दाब उतरवून ठरावीक ठेवणाऱ्या भागाचा) दाब. कुठल्या बाजूला फिरवला की काय होतं, हेही सगळीकडे सारखं नाही. ग्राहक ॲलन की घालतो, पाव फेरा देतो, मग अर्धा, मग "थोडा उलटा घेतला होता बहुतेक". किती फेरे झाले ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

हॅमर जोरात बसला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. सुरुवातीला वेग वाढतो. पुढे मात्र पेलेट नळीबाहेर गेल्यावरही मागून हवा येत राहते. वेग तोच, आवाज मोठा, झटका जास्त, आणि सिलेंडर लवकर रिकामा. झटका वाढल्यामुळे पॉवर आली असं वाटतं, एवढंच. त्यात खरा दोष एखाद्या झिजलेल्या ओ-रिंगचा (हवा अडवणाऱ्या रबरी कडीचा) असेल, तर ती बदलल्यावर वेग उसळी मारतो आणि सगळं सेटिंग पुन्हा शून्यापासून करावं लागतं. म्हणून स्क्रू फिरवलेल्या पिस्तुलाला आम्ही सेटिंगचे पैसे वेगळे लावतो. काहींना ते खटकतं, पण तो तास आमचा खरोखर जातो.

खरी कारणं बहुधा साधी असतात. पहिलं, दाबच कमी असतो. सिलेंडरमधला दाब रेग्युलेटरच्या कामाच्या दाबाखाली गेला की प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा हळू. घाईघाईनं 200 बारपर्यंत भरलेला सिलेंडर गरम झालेला असतो. निवला की काटा आपोआप खाली येतो, आणि गळती आहे म्हणून फोन येतो. सावकाश भरा, अर्ध्या तासानं परत बघा. ज्या मोठ्या टाकीतून सिलेंडर भरता तीच उतरली असेल तर ती 200 देणार कुठून?

दुसरं, ब्रीचची, म्हणजे पेलेट भरायच्या जागेची, ओ-रिंग. टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचच्या फटीशी चिकटवून टार्गेटवर एक शॉट मारा. पट्टी फडफडली तर हवा तिथूनच निघतेय. ओ-रिंग दिसायला सारख्या, पण मापात केसाइतका फरकही चालत नाही. म्हणून आम्ही मॉडेल विचारल्याशिवाय ती सुटी देत नाही. सील किट मॉडेलप्रमाणे तयार असतात.

पेलेटकडेही बघा. डबा पडला की पेलेटची मागची पातळ झालर वाकते. रायफलची जड पेलेट पिस्तुलात घातली तर वेग थोडा कमीच येणार.

शॉट मारला आणि कार्डावर भोकच नाही, तर तिथेच थांबा. पेलेट नळीत अडकलेली असू शकते. वर दुसरी मारू नका, नळीत डोकावू नका, लोखंडी सळई तर घालूच नका. एकदा आमच्याकडे आलेल्या नळीत एकामागे एक तीन पेलेट निघाल्या. त्या निघाल्या, पण नळीच्या तोंडावर सळईनं पडलेला ओरखडा राहिला तो राहिलाच.

भरण्याच्या तोंडाला साधं तेल लावू नका आणि ऑक्सिजन कधीही भरू नका. जास्त दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं, आणि ऑक्सिजन असेल तर आग आणखी भडकते. सिलेंडरवर तारीख असते. स्पर्धेत जास्तीत जास्त दहा वर्षांची मुदत धरतात, आणि ती पाहण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. मुदत उलटलेला सिलेंडर आम्ही भरत नाही, ओळखीतल्यांचाही नाही. नवे सिलेंडर ठेवतो, जुना घेऊन आलात तर थ्रेड जुळवून देतो.

पिस्तूल एक रात्र ठेवून घेतो, कारण बारीक गळती तासाभरात दिसत नाही. परत देताना दहा शॉटचे आकडे लिहिलेलं कार्ड सोबत मिळतं. ते जपून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला तेच लागतं. येताना तुमच्याच डब्यातल्या वीस-पंचवीस पेलेट आणि तुमचाच सिलेंडर आणा. पिस्तूल रिकामं, ब्रीच उघडं, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी पट्टी) घातलेला. आणि स्क्रू फिरवला असेल तर तसं आधीच सांगा, आम्ही ओरडत नाही.