किलोच्या भावात न दिसणारे चाळीस दिवस

दोन किलोची जिवंत ब्रॉयलर कोंबडी सोलून, साफ करून पिशवीत येते तेव्हा तेराशे-चौदाशे ग्रॅमच उरते. त्यामुळे जिवंत पक्ष्याचा भाव आणि साफ केलेल्या चिकनचा भाव यांत जवळपास दीडपटीचा फरक पडतो, आणि त्यात दुकानदाराची लबाडी नसते. नेहमी चिकन घेणाऱ्याला एवढा हिशेब ठाऊक असतो. त्याच्या पुढचा मात्र सहसा कोणी मांडत नाही. ब्रॉयलर इतकी स्वस्त पडते ती कशामुळे? शेजारच्या पिंजऱ्यातली गावरान तिच्या दुप्पट-तिप्पट भावाने का विकली जाते? आणि आपण जास्तीचे पैसे मोजले, तर त्यातलं कोंबडीच्या वाट्याला काय येतं नि आपल्या ताटात काय?

स्वस्ताईचं मूळ वाढीच्या वेगात आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ आणि १९७८ सालचे कोंबड्यांचे वाण जसेच्या तसे जपून ठेवले होते. तिथल्या संशोधकांनी ते दोन्ही आणि २००५ सालचा व्यापारी ब्रॉयलर असे तिन्ही पक्षी एकाच खाद्यावर, एकसारख्या परिस्थितीत वाढवले. छप्पन्नाव्या दिवशी १९५७ चा पक्षी भरला ९०५ ग्रॅम, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच. फरक पडला तो पिढ्यान् पिढ्या केलेल्या निवडीमुळे.

‘इंजेक्शन देऊन फुगवलेल्या’ कोंबडीची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात, तिचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. वाढीचं संप्रेरक हे प्रथिन असतं. खाद्यातून दिलं तर ते पचून जातं, म्हणजे प्रत्येक पक्ष्याला पुन्हा पुन्हा टोचावं लागेल. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये हे करणार कोण, आणि किलोमागे थोडक्या रुपयांवर चालणाऱ्या धंद्यात ते परवडणार कसं? पिल्लांच्या डोळ्यांत थेंब टाकतात किंवा पाण्यातून काही देतात, ती लस असते; मुख्यतः राणीखेत, म्हणजे मानमोडी, आणि गंबोरो या कोंबड्यांच्या रोगांवरची. या इंजेक्शनच्या भीतीचं मला वाईट वाटतं ते एवढ्याचसाठी, की तिच्यामुळे खरी अडचण नजरेआड राहते.

आपल्याकडे ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत दोन-सव्वादोन किलोची होऊन विक्रीला जाते. उत्पादन खर्चातला सुमारे दोन तृतीयांश वाटा खाद्याचा असतो, म्हणजे मका आणि सोयापेंडीचा. एक किलो वजन चढायला किती किलो खाद्य लागलं, याला पोल्ट्रीवाले एफसीआर म्हणतात. चांगल्या बॅचला तो १.६ च्या आसपास बसतो. करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला कंपनी पिल्लं, खाद्य आणि औषधं पुरवते आणि किलोमागे मोबदला देते. एफसीआर बिघडला, मर वाढली की मोबदला घटतो. या चाकोरीत पक्ष्याने भराभर वाढावं आणि कमी हालचाल करावी, हेच सगळ्यांच्या सोयीचं ठरतं.

किंमत मोजतात ते पाय. ब्रिटनमधल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५१ हजार ब्रॉयलरची चाल तपासली गेली. सरासरी चाळिसाव्या दिवशी २७.६ टक्के पक्षी नीट चालू शकत नव्हते आणि ३.३ टक्क्यांना जवळपास चालताच येत नव्हतं. लंगडणाऱ्या पक्ष्याला दुखतं का, हे विचारायचं कसं? ब्रिस्टलच्या संशोधकांनी त्यासाठी एक सुंदर प्रयोग केला होता. पक्ष्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं, त्यातल्या एकात वेदनाशामक मिसळलेलं होतं. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचं खाद्य जास्त निवडलं, आणि लंगडेपणा जितका जास्त तितकं ते जास्त खाल्लं. औषध घेतल्यावर त्यांची चालही सुधारली. कोंबडीला दुखतं की नाही या वादात मला यापलीकडे पुरावा लागत नाही.

वेगाचा दुसरा परिणाम मांसातच दिसतो. छातीचे स्नायू इतके झपाट्याने जाड होतात की त्यांच्यातल्या केशवाहिन्या पुऱ्या पडत नाहीत. प्राणवायू कमी मिळालेले तंतू मरतात आणि त्यांच्या जागी चरबी नि तंतुमय ऊतक भरतं. बोनलेस छातीचा तुकडा उजेडात धरून बघा. स्नायूच्या दिशेने जाणाऱ्या बारीक पांढऱ्या समांतर रेषा दिसल्या तर ती हीच खूण. काही तुकडे कच्चे असतानाच बोटाला टणक लागतात. ते मसाल्यात मुरत नाहीत, शिजल्यावर पाणी सोडतात आणि चावताना चरचरीत लागतात. खायला ते धोक्याचे नाहीत. पण त्यांत चरबी वाढलेली नि प्रथिनं घटलेली असतात, म्हणजे आपण ज्याच्यासाठी पैसे दिले तेच कमी मिळतं.

आता आपल्याकडच्या शेडविषयी, कारण इथे परदेशी माहिती जशीच्या तशी उचलून चालत नाही. युरोपीय संघाच्या २००७ च्या नियमांनुसार चौरस मीटरला ३३ किलो, आणि अटी पाळल्या तर ४२ किलोपर्यंत जिवंत वजन ठेवता येतं. महाराष्ट्रातल्या जाळीच्या, पडदे लावलेल्या उघड्या शेडमध्ये पक्ष्यामागे साधारण एक चौरस फूट जागा धरतात. सव्वादोन किलोच्या पक्ष्याचा हिशेब केला तर चौरस मीटरला २४ किलोच्या आसपास वजन होतं. म्हणजे आपली दाटी युरोपपेक्षा कमी, आणि उजेड-वारा खरा. हे दयेपोटी झालेलं नाही, उन्हाळ्याच्या धाकाने झालंय. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिचं शरीर मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं, आणि बाहेर तितकाच पारा चढला की धापा टाकण्यापलीकडे तिच्या हाती उपाय राहत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात शेडवर ओली पोती टाकणारे, पाण्याचा बारीक फवारा मारणारे फॉगर लावणारे आणि तरी मेलेले पक्षी उचलणारे शेतकरी हे दरवर्षी भोगतात. जितकी भरभर वाढ तितकी शरीरात उष्णता जास्त तयार होते, म्हणून उन्हाची झळ सगळ्यांत आधी ब्रॉयलरलाच बसते.

दाटीइतकंच महत्त्व लिटरला, म्हणजे खाली अंथरलेल्या तुसाला किंवा भुश्याला आहे. पावसाळ्यात ते ओलं झालं की विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, तळपायाला काळे खपले धरतात. लिटर वेळच्या वेळी हलवणारा, ओला भाग काढून टाकणारा शेतकरी आणि तसंच सोडून देणारा शेतकरी, दोघांच्या पक्ष्यांचा बाजारात भाव एकच असतो. मला ही या धंद्यातली मोठी अन्यायाची गोष्ट वाटते.

ओल्या लिटरवर पक्षी आजारी पडतात, आणि अँटिबायोटिकचा प्रश्न यातूनच येतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ साली राजधानी परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, त्यांतल्या ४० टक्क्यांत औषधांचे अंश सापडले. माणसांच्या उपचारात शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक जनावरांना देण्यावर भारताने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. पाकिटावर ‘अंश नाहीत’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. विक्रीआधी ठरावीक दिवस औषध थांबवलं की ते पक्ष्याच्या शरीरातून निघून जातं. औषध कधी दिलंच नव्हतं, असं त्यातून सिद्ध होत नाही. दरम्यान पक्ष्याच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार झालेले असतात. ते लिटरमध्ये उतरतात, आणि तेच लिटर कोंबडीखत म्हणून उसाला, भाजीपाल्याला जातं. घरी चिकन नीट शिजवलं तर जिवाणू मरतात, पण शेतात नि पाण्यात गेलेले तसेच राहतात.

मग उपाय गावरान? इथे मन जरा घट्ट करून बघावं लागतं. परसातली खरी गावरान कोंबडी मोकळी फिरते, उकिरडा उकरते, मातीत अंग घोळते, रात्री झाडावर नाहीतर खुराड्यात बसते. पण तिची पिल्लं मुंगूस, मांजर, घार उचलतात आणि लस न दिलेल्या गावात मानमोडी एका फेरीत सगळी खुराडी रिकामी करते. दीड किलोच्या आत-बाहेर वजन यायला तिला पाच-सहा महिने लागतात. त्या वयात स्नायूंमधल्या कोलॅजेन या प्रथिनाचे दुवे पक्के झालेले असतात, म्हणून मांस चिवट लागतं, आणि मंद आचेवर तेच कोलॅजेन विरघळलं की रश्श्याला दाटपणा येतो. चव भरीव, चरबी कमी. प्रथिनं मात्र ब्रॉयलरच्या कच्च्या मांसात असतात तेवढीच, शंभर ग्रॅमला वीसच्या आसपास. ताकदीसाठी गावरान आणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तिचा भाव हाच तिचा दाखला. पाच-सहा महिने सांभाळलेला पक्षी ब्रॉयलरपेक्षा थोड्याच जास्त भावात कोणी विकू शकत नाही. तसं कुणी विकत असेल तर ती बहुतेकदा वनराज, ग्रामप्रिया, गिरिराज, कावेरी अशा सुधारित वाणांची रंगीत कोंबडी असते. नाहीतर अंड्यांवरून उतरलेली लेयर, जिचं दीड वर्षाचं आयुष्य ए-फोर कागदाहून कमी जागेच्या पिंजऱ्यात गेलेलं असतं. गावरानच्या नावाखाली लेयर घेतली, तर जास्तीचे पैसे देऊन आपण सगळ्यांत वाईट जगलेली कोंबडी घरी आणतो.

सुधारित रंगीत वाण मात्र नावाने लपवण्यासारखे नाहीत, उलट मला त्यांच्यातच वाट दिसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराज आणि ग्रामप्रिया तयार केले, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज. हे पक्षी अडीच-तीन महिन्यांत खाण्याजोगे होतात, पाय धड असतात, उन्हात तग धरतात. नेदरलँड्समध्ये जोरदार लोकमोहिमेनंतर २०२३ अखेरपर्यंत मोठ्या सुपरमार्केटांनी आपलं ताजं चिकन प्राणिकल्याणाच्या ‘एक तारा’ मानकावर नेलं. त्यात सावकाश वाढणारा वाण, किमान ५६ दिवसांचं आयुष्य आणि चौरस मीटरला २५ किलोची मर्यादा आहे. तिथे अशा कळपांना अँटिबायोटिकही खूप कमी लागतात. ती २५ किलोची मर्यादा आपली उघडी शेड आजच पाळते. सावकाश वाढणारे वाणही आपल्याकडे आहेत. कमी आहे ती खरं नाव सांगून विकण्याची. सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला किलोमागे खाद्य जास्त लागतं, म्हणजे मका-सोयाखाली जमीनही जास्त लागते, हे खरंच आहे. म्हणून मी तेवढ्याच पैशांत कमी चिकन आणण्याच्या बाजूचा आहे. ज्या घरात आठवड्याचं एक किलो ब्रॉयलर हेच पोरांचं मुख्य प्रथिन आहे, त्यांना मात्र हे सांगायचा मला अधिकार वाटत नाही.

ब्रॉयलरच घ्यायची असली तरी निवडीला जागा असते, कारण आपल्या दुकानात पक्षी जिवंत दिसतो. पाकीट उचलणाऱ्या डच गिऱ्हाइकाला ही सोय नाही. पिंजऱ्यातला पक्षी उठून उभा राहतो का, चोच उघडी टाकून धापतोय का, छातीची पिसं ओली-घाण आहेत का, तळपाय काळे पडलेत का, हे मिनिटभरात कळतं. पिंजऱ्यात पाणी आहे का, सावली आहे का, तेही बघा. सोलल्यावर मांडीवर किंवा पंखाखाली हिरवट डाग दिसला तर तो मार साधारण दिवसभर आधीचा, पक्षी पकडताना-चढवताना बसलेला. लालभडक डाग दुकानातलाच.

पाय धरून उलटी लटकवलेली कोंबडी फडफडते तेव्हा तिला श्वासही नीट घेता येत नाही. तिला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती नि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, नसतं, त्यामुळे पोटातली इंद्रियं थेट वायुकोशांवर दाबतात. मरण्याआधीच्या या झटापटीत स्नायूंतली साखर जळून आम्ल साठतं, आणि मांस गरम असतानाच ते आम्लधर्मी झालं की प्रथिनांची पाणी धरण्याची ताकद जाते. पातेल्यात सुटणाऱ्या पाण्याचा काही भाग इथून येतो. शांतपणे, दोन्ही हातांनी अंगाशी धरून पक्षी काढणारा, धारदार सुरी वापरणारा दुकानदार सापडला तर किलोमागे पाच-दहा रुपये जास्त देऊनही त्याच्याकडेच जावं, आणि का आलो ते त्याला सांगावं. घरी आणल्यावर लगेच फोडणीला टाकू नये. कापल्यानंतर थोड्याच वेळात स्नायू ताठरतात आणि त्या अवस्थेत शिजवलेलं मांस चामट होतं. चार-सहा तास फ्रीजमध्ये झाकून ठेवलं की ताठरपणा ओसरतो, मग मसाला लावावा.